माग आणि मात्रा : ध्वनिमुद्रणातील नियंत्रणांचा एक इतिहास

१

संहितेविषयीच्या चर्चेत लेखनसाधनांना क्वचितच स्थान मिळते. बोरू, खिळा, टंकलेखनयंत्र ही साधने आशय केवळ वाहून नेतात, घडवीत नाहीत, अशी समजूत त्यामागे असते. ध्वनिमुद्रित संगीताकडे पाहतानाही हीच समजूत काम करते. चाल, शब्द, राग, गायकी यांची चर्चा होते. परंतु कोणता आवाज किती मोठा ऐकू यावा आणि कोणता आवाज स्वतंत्र घटक म्हणून मोजला जावा, हे ज्या साधनांनी ठरते त्यांचा विचार तंत्रज्ञांवर सोपवला जातो. वास्तविक ‘किती’ आणि ‘स्वतंत्र काय’ हे दोन्ही प्रश्न अर्थनिर्णयनाचे आहेत. प्राधान्य, गौणत्व, पार्श्वभूमी, मौन या कोटी कथनमीमांसेला परिचित आहेत. ध्वनिमुद्रणात त्या कोटींविषयीचे निर्णय प्रामुख्याने दोन नियंत्रणांमधून घेतले जातात. पहिले ध्वनिमात्रेचे, म्हणजे व्हॉल्यूमचे, आणि दुसरे ट्रॅकचे.

‘ट्रॅक’ या शब्दाला मराठीतील सर्वांत जवळचा शब्द ‘माग’ हा आहे. चालून गेलेल्याची उरलेली खूण हा त्याचा एक अर्थ. माग काढणे, मागावर असणे हे वाक्प्रयोग त्याच अर्थाचे. विणकर ज्यावर कापड विणतो त्यालाही मराठीत मागच म्हणतात. ‘मात्रा’ हा शब्दही असाच अनेकार्थी आहे. तो प्रमाण सांगतो, औषध सांगतो आणि तालातील कालाचे एककही सांगतो. शब्दांची ही अनेकार्थता प्रस्तुत विषयाला उपकारक आहे, कारण ध्वनिमुद्रणाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी एका अर्थाच्या मागाकडून दुसऱ्या अर्थाच्या मागाकडे झालेला प्रवास आहे. आरंभी ट्रॅक ही घडून गेलेल्या गायनाची खूण होती. पुढे ती अद्याप न घडलेल्या गायनाची विणकामाची जागा झाली.

संगणकावरील ध्वनिमुद्रणाच्या आज्ञावलीत दिसणारी सरकती पट्टी, तिच्याशेजारचे आकडे, आडव्या मांडणीतले ट्रॅक आणि त्यांच्या कडेची छोटी बटणे ही आज इतकी परिचित झाली आहेत की ती स्वाभाविक वाटतात. ती स्वाभाविक नाहीत. त्यांच्यात वेगवेगळ्या काळांचे संकेत थराथरांनी साचलेले आहेत. हे थर वेगळे करून पाहिले नाहीत, तर ध्वनिमुद्रित संहितेचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर चुकीच्या जागी शोधले जाण्याचा संभव राहतो.

२

एडिसनच्या फोनोग्राफपासून (१८७७) जवळजवळ अर्धशतक ध्वनिमुद्रण विजेविना चालले. गायक किंवा वादक एका कर्ण्यासमोर उभा राही. हवेतील कंपने पडद्यावर आदळत आणि सुई मेणात खाच कोरी. या व्यवस्थेत मुद्रण करणाऱ्याच्या हाती ध्वनिमात्रेचे नियंत्रण जवळजवळ नव्हते. होते ते अंतर. कोणी कर्ण्यापासून किती लांब उभे राहावे, तारस्वर लावताना किती मागे सरावे, कोणत्या वाद्याला उंच चौथऱ्यावर ठेवावे, यांतून समतोल साधला जाई. नेहमीच्या व्हायोलिनचा आवाज खाच कोरण्यास अपुरा पडत असल्यामुळे पेटीऐवजी धातूचा कर्णा जोडलेले स्ट्रोह व्हायोलिन वापरात आले. म्हणजे साधनाला जे ऐकू येत नव्हते ते बदलण्यासाठी वाद्यच बदलले गेले.

याच काळात ऐकणाऱ्याच्या हाती मात्र मात्रेचे काही नियंत्रण आले होते. जाड किंवा बारीक सुई निवडून तबकडीचा आवाज मोठा अथवा मऊ करता येई. १९०६ मध्ये बाजारात आलेल्या व्हिक्ट्रोला या यंत्राचा कर्णा लाकडी कपाटात दडवलेला होता आणि कपाटाची दारे उघडून वा लोटून आवाज कमीजास्त करता येत असे. ध्वनिमात्रेचा पहिला निर्णय कर्त्याकडे नव्हे, तर श्रोत्याकडे होता, ही गोष्ट या इतिहासात विसरता कामा नये.

१९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात जे मुद्रण केले, त्यातील गौहरजान यांचे नाव सर्वपरिचित आहे. गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. हानोव्हर येथे तबकड्या तयार करणाऱ्या कारागिरांना मूळ मुद्रिका ओळखता यावी, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. रूपाच्या दृष्टीने मात्र हा उच्चार संतकवींच्या नाममुद्रेची आठवण करून देणारा आहे. एकाच अखंड मागावर गायिका, साथीदार आणि तिची नाममुद्रा एकत्र उमटलेली आहेत. त्यांपैकी कोणतेही वेगळे करता येत नाही. कर्तृत्वाची खूण संहितेच्या आतच आहे. पुढील काळात ही खूण प्रथम तबकडीच्या लेबलावर आणि अखेरीस संगणकातील ट्रॅकच्या नावाच्या चौकटीत सरकत गेली.

३

१९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत्-ध्वनिमुद्रणपद्धती स्वीकारली आणि अंतराची जागा विद्युत्प्रवाहाने घेतली. मायक्रोफोन हलक्या आवाजालाही मोठा करू शकत असल्याने कुजबुजीच्या जवळ जाणारी गायनशैली शक्य झाली. येथे पहिल्यांदाच गायकाने किती जोर लावला आणि तो किती मोठा ऐकू आला, या दोन गोष्टींची फारकत झाली. आवाजाचा पोत आणि आवाजाची मात्रा यांचे जे नैसर्गिक नाते होते, ते आता एका संकेताचे नाते झाले.

संकेताला मोजमाप लागते. टेलिफोनच्या तारांमधील ऱ्हास मोजण्यासाठी बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात डेसिबल हे एकक रूढ केले. ते लघुगणकी आहे; म्हणजे ते बेरजेने नव्हे, तर पटीने चालते. मानवी संवेदनाही साधारणतः पटीनेच वाढते, असे फेखनर यांनी १८६० मध्येच मांडले होते. त्यामुळे तारेसाठी घडलेले माप कानालाही जुळले. ध्वनिलहरीचा परमप्रसर दुप्पट केला की पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. पण कानाला ‘दुप्पट मोठे’ वाटण्यासाठी ढोबळमानाने १० डेसिबलची वाढ लागते. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की समान पातळीचे मंद्र आणि मध्य स्वर कानाला समान वाटत नाहीत, आणि हा फरक एकूण आवाज हलका असताना अधिक जाणवतो. म्हणजे ‘किती मोठा’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. एक उत्तर तारेचे आहे आणि दुसरे कानाचे.

१९३९ च्या सुमारास बेल प्रयोगशाळा आणि अमेरिकेतील दोन नभोवाणी कंपन्या यांनी मिळून व्हीयू मीटर प्रमाणित केला. त्याचा काटा मुद्दाम संथ ठेवण्यात आला होता. अंतिम स्थानी पोचण्यास त्याला सुमारे ३०० मिलिसेकंद लागत; त्यामुळे क्षणिक टोके न दाखवता तो कानाला जाणवणाऱ्या सरासरीच्या जवळ राही. त्याच्या पट्टीवर शून्य हे डावीकडे नसून उजव्या बाजूला होते आणि शून्याच्या पलीकडे तांबड्या रंगातही काही जागा होती. या शून्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नव्हता. ‘येथे असावे’ असा होता. शून्य हे येथे अभावाचे चिन्ह नसून औचित्याचे चिन्ह आहे. औचित्य ही भारतीय काव्यशास्त्रातील कोटी येथे एका यंत्राच्या तबकडीवर अंकित झालेली दिसते.

इंग्लंडमधील ईएमआयच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रकाला ‘बॅलन्स एंजिनिअर’ म्हणजे समतोल राखणारा अभियंता म्हणत. मराठी वाचकाला येथे मर्ढेकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये त्यांनी लयतत्त्वाचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले, आणि ते स्वतः आकाशवाणीच्या सेवेत होते. त्यांच्या सौंदर्यशास्त्राचा उगम आकाशवाणीच्या यंत्रखोलीत शोधणे हास्यास्पद होईल. परंतु समतोल हा सुट्या घटकाचा गुण नसून घटकांमधील संबंध आहे, ही त्यांची भूमिका ध्वनिमुद्रणाच्या चर्चेला फार उपयोगी आहे. कोणत्याही आवाजाची ‘योग्य’ मात्रा एकट्याने ठरत नाही. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांनी पुढे ज्या दिशेने प्रवास केला, ती दिशा मात्र घटक सुटे करण्याचीच होती.

४

चुंबकीय ध्वनिफितीने हे सुटे करणे शक्य केले. लेस पॉल या गिटारवादकाने १९४८ पर्यंत तबकडीवरून तबकडीवर मुद्रण करीत स्वतःचेच अनेक आवाज एकमेकांवर रचले होते. पण या पद्धतीत आधीचा थर पुढच्या थरात कायमचा मिसळून जाई. १९५७ मध्ये ॲम्पेक्सने त्याला आठ मागांचे ध्वनिफीतयंत्र पुरविले. एकाच रुंद फितीवर आठ समांतर माग आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या दिवशी, जुना माग ऐकत ऐकत मुद्रण करण्याची सोय, असे त्याचे स्वरूप होते. या क्षणी माग म्हणजे घडलेल्याची खूण, हा अर्थ मागे पडला आणि विणकराच्या मागाचा अर्थ पुढे आला.

आठ माग म्हणजे आठ मात्रा, आणि हात तर दोनच. तत्कालीन मिश्रणयंत्रांवर मोठे गोल नॉब असत. एका हाताने एक नॉब नीट फिरवता येई. न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सचे अभियंते टॉम डाउड यांनी आठ मागांच्या यंत्राबरोबर आपल्या मिश्रणयंत्रावर सरळ रेषेत सरकणारे फेडर बसविले. त्यामागचा विचार साधा होता. सरकती दांडी एका बोटाने ढकलता येते, शेजारी शेजारी असलेल्या अनेक दांड्या एकाच वेळी अनेक बोटांखाली राहतात, आणि मिश्रण करणारा पियानोवादकासारखा बसू शकतो. फेडर हा मुळात बोटांच्या संख्येतून जन्मलेला आकार आहे. त्याची दृश्य सोय, म्हणजे सर्व मागांची पातळी एका दृष्टिक्षेपात दिसणे, ही नंतर लक्षात आलेली प्राप्ती म्हणावी लागेल.

परिणामी मिश्रण ही एक सादरीकरणाची क्रिया बनली. गाण्याच्या चालू काळात दांड्या वरखाली केल्या जात. गुंतागुंतीच्या मिश्रणाला तीनचार माणसे यंत्राभोवती उभी राहत आणि प्रत्येकाने कोणत्या ओळीला कोणती दांडी सरकवायची हे ठरलेले असे. या हालचालींचा परिणाम अंतिम फितीवर उमटे. हालचाली मात्र कोठेही नोंदल्या जात नसत. मौखिक परंपरेतील सादरीकरणासारखेच तिचे स्वरूप होते.

१९६७ मधील बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा संग्रह चार मागांच्या यंत्रावर घडला. जागा संपली की चार माग दुसऱ्या यंत्राच्या एकदोन मागांवर मिसळून मोकळे केले जात, आणि एकदा मिसळलेले पुन्हा सुटे होत नसे. त्या संग्रहाची मोनो आणि स्टीरिओ अशी दोन मिश्रणे झाली. गटाचे सदस्य मोनो मिश्रणात जातीने सहभागी होते; स्टीरिओ मिश्रण तुलनेने घाईत उरकले गेले. ‘शी इज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनो पाठात अधिक वेगवान आणि त्यामुळे वरच्या सुरात आहे. जगाने मात्र प्रामुख्याने स्टीरिओ पाठच ऐकला. कर्त्याने मान्य केलेला पाठ आणि रूढ झालेला पाठ यांतील हा भेद हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेला नवा नाही. नवे एवढेच की येथे पाठभेद शब्दांचा वा स्वरांचा नसून मात्रेचा आणि गतीचा आहे. याच वर्षी बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी, १९६४ मध्ये जाहीर मैफली सोडून दिलेल्या ग्लेन गूल्ड यांनी १९६६ च्या ‘द प्रॉस्पेक्ट्स ऑफ रेकॉर्डिंग’ या लेखात, घरी बसून नॉब फिरवणारा श्रोता मर्यादित अर्थाने का होईना पण अर्थनिर्णयनच करीत असतो, असे प्रतिपादन केले होते. व्हिक्ट्रोलाच्या कपाटाची दारे लोटणाऱ्या श्रोत्याला गूल्ड यांनी सिद्धान्तात जागा दिली.

५

मुंबईच्या चित्रपटसंगीताचा इतिहास या संदर्भात वेगळी साक्ष देतो. पार्श्वगायनाची प्रथा १९३५ मधील ‘धूप छाँव’ पासून सुरू झाल्यानंतर कित्येक दशके मुंबईतील गाणी मोठ्या वाद्यवृंदासह एकाच वेळी मुद्रित होत. गायक एका बाजूच्या खोलीत, वादक सभागृहात, आणि ध्वनिमुद्रक मोजक्या मायक्रोफोनचा समतोल त्याच क्षणी राखणारा, अशी रचना असे. एका वादकाचा सूर चुकला की सर्वांनी पुन्हा आरंभापासून वाजवायचे. समतोल बराचसा मांडणीतून साधे : कोण पुढे बसेल, कोणाचा मायक्रोफोन कोणापासून किती दूर असेल. म्हणजे विजेचे युग आले तरी अंतराचे युग संपलेले नव्हते.

या व्यवस्थेत ‘माग’ होता तो कागदावर. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमध्ये पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून मुंबईत आलेल्या ॲन्थनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या संगीतसंयोजकांनी प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र ओळ लिहिली. एका पानावर एकाखाली एक मांडलेल्या या ओळी डावीकडून उजवीकडे जातात, आणि कोठे हळुवार वाजवायचे, कोठे जोर वाढवायचा याच्या खुणा त्यांच्यावर असतात. मात्रा वादकाच्या हाताकडे सोपविलेली होती. ध्वनिमुद्रक शेवटचा होता, एकमेव नव्हता. बहुमार्गी यंत्रे रुळल्यावर हे उलटले. वाद्ये वेगवेगळ्या वेळी मुद्रित होऊ लागली आणि त्यांच्यामधील संबंध नंतर, वादकांच्या अनुपस्थितीत, ठरू लागला. ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये चेन्नईत स्वतःच्या घराजवळ ‘पंचतन रेकॉर्ड इन’ हा स्टुडिओ उभारला. ‘रोजा’ (१९९२) पासून त्यांच्या संगीताने संगणकाधारित, थराथरांनी रचलेल्या ध्वनिमुद्रणाला भारतीय चित्रपटात केंद्रस्थान मिळवून दिले. संगीतकार, संयोजक आणि ध्वनिमुद्रक या तीन भूमिकांमधील सीमारेषा येथे पुसट झाल्या. ज्या वादकवर्गाच्या एकत्र बसण्यावर जुनी व्यवस्था उभी होती, त्याचे काम मात्र या बदलात आटले. साधनांच्या इतिहासात माणसांच्या उपजीविकेचा इतिहास असा दडलेला असतो.

६

संगणकाच्या पडद्यावर फेडर आला तेव्हा दोन वेगळ्या वंशांचा संगम झाला. एक वंश मिश्रणयंत्राचा. दुसरा स्वरलिपीच्या पानाचा.

१९८३ मध्ये रूढ झालेल्या मिडी या संकेतव्यवस्थेने वाद्ये आणि संगणक यांना एक समान भाषा दिली. तिच्यात ध्वनी नसतो. असतात त्या आज्ञा. एका वाहिनीची मात्रा क्रमांक ७ च्या नियंत्रकाने सांगितली जाते आणि तिला ० ते १२७ एवढ्याच किमती घेता येतात. सलग सरकणारी दांडी येथे १२८ पायऱ्यांचा जिना झाली. रूढ शिफारशीनुसार ६४ या मधल्या आकड्याचा अर्थ ‘अर्धा’ असा नसून कमाल पातळीपेक्षा सुमारे १२ डेसिबलने खाली, असा होतो. आकडा, दांडीचे स्थान आणि ऐकू येणारी मात्रा या तीन गोष्टी एकच नव्हेत, हे येथे स्पष्ट दिसते.

आज्ञावलीच्या रचनाकारांसमोरील मूळ प्रश्नही हाच होता. पडद्यावरील पट्टीचे स्थान थेट परमप्रसराशी जोडले, तर पट्टीच्या मध्यावर पातळी केवळ ६ डेसिबलने उतरते आणि तळाच्या दहाव्या भागात २० डेसिबलपासून पूर्ण शांततेपर्यंतचा सगळा पल्ला कोंबला जातो. सर्वांत नाजूक निर्णय सर्वांत अरुंद जागेत घ्यावे लागतात. संपूर्ण पट्टी समान डेसिबलांत विभागली, तर ज्या भागात प्रत्यक्ष काम चालते तेथे बारकावा अपुरा पडतो आणि शांतता तर पट्टीवर कोठेच सापडत नाही, कारण लघुगणकी मापात शांततेचे स्थान उणे अनंत असते. म्हणून मिश्रणयंत्रांच्या फेडरची वक्र विभागणी पडद्यावर उचलण्यात आली. शून्य वरच्या भागात, त्याच्या आसपास विरळ खुणा, खाली जाताना दाटत जाणाऱ्या खुणा आणि तळाशी उणे अनंताचे चिन्ह, अशी ही विभागणी आहे. उणे अनंत म्हणजे मौन. मौनाला एवढे औपचारिक चिन्ह देणारी दुसरी लेखनव्यवस्था विरळाच.

दुसऱ्या वंशाचा ठळक आविष्कार १९८९ मध्ये हॅम्बर्गच्या स्टाइनबर्गने अटारी संगणकासाठी काढलेल्या क्यूबेसमध्ये दिसतो. त्याच्या मुख्य पडद्यावर ट्रॅक एकाखाली एक होते आणि काल डावीकडून उजवीकडे वाहत होता. ही मांडणी वाद्यवृंदाच्या स्वरलिपीचीच आहे. १९९१ मध्ये आलेल्या चार मागांच्या प्रो टूल्सने पुढे संपादन आणि मिश्रण यांसाठी दोन वेगळ्या खिडक्या रूढ केल्या. एकीत ट्रॅक आडवे, काल आणि लहरीचे चित्र. दुसरीत तेच ट्रॅक उभे, फेडर आणि मीटर. एकाच वस्तूची ही दोन रूपे संहिता आणि सादरीकरण यांच्या द्वंद्वाचे दृश्य भाषांतर आहेत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑडॅसिटी या मुक्त आज्ञावलीने, जिचा आरंभ कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला, प्रत्येक ट्रॅकच्या डाव्या कडेलाच नाव, ‘म्यूट’, ‘सोलो’, मात्रेची छोटी आडवी पट्टी आणि डावे-उजवे ठरविणारी दुसरी पट्टी अशी चौकट दिली. मात्रेच्या पट्टीचा पल्ला उणे ३६ ते अधिक ३६ डेसिबल ठेवल्याने शून्य बरोबर मध्यभागी आले. यंत्रशाळेतील व्यावसायिकापेक्षा नवख्या माणसाला समजेल असा हा संकेत होता : मध्यभागी म्हणजे जसे आहे तसे.

या स्थलांतरात एक गोष्ट हरवली. डाउड यांचा फेडर दहा बोटांसाठी होता; माउसचा बाण म्हणजे एकच बोट. पडद्यावर फेडरांची रांग दिसते, पण एका वेळी एकच हलविता येतो. ज्या कारणासाठी नॉबचा फेडर झाला होता ते कारण नाहीसे झाले आणि आकार तेवढा उरला. रिकामी झालेली ही जागा लेखनाने भरली. मात्रेतील बदल आता ट्रॅकवर रेषा काढून, तिच्यावर बिंदू ठेवून नोंदले जाऊ लागले. आधी मिश्रणयंत्रांच्या स्वयंचलनाने हाताची हालचाल साठवण्यास आरंभ केला होता. पडद्यावर ती हालचाल केलीच नाही तरी चालू लागली. क्षणात घडून विरणारी कृती आता पुन्हा पुन्हा वाचता, खोडता आणि दुरुस्त करता येणारी ओळ झाली. वॉल्टर आँग यांनी १९८२ मध्ये मौखिकतेकडून लिखिततेकडे जाण्याची जी लक्षणे सांगितली, त्यांपैकी मागे वळून पाहण्याची सोय आणि कृतीपासून विश्लेषणाची फारकत ही दोन्ही येथे ठळकपणे आढळतात.

७

आज्ञावलीतील शून्याकडे या पार्श्वभूमीवर पुन्हा पाहता येईल. त्याचे तीन अर्थ एकाच पडद्यावर वावरतात. जुन्या मीटरचे शून्य औचित्याचे होते. फेडरवरील शून्य तटस्थतेचे आहे : आलेला ध्वनी बदल न करता पुढे जातो. अंकीय मीटरवरील शून्य मर्यादेचे आहे; त्याच्या वर संख्याच नाही, आणि ते ओलांडू पाहणाऱ्या लहरीचे टोक छाटले जाते. फितीवर मर्यादा हळूहळू जाणवे, आवाज प्रथम जाडसर होई. अंकीय व्यवस्थेत ती भिंतीसारखी उभी आहे. औचित्याची जागा मर्यादेने घेतल्यावर मर्यादेला चिकटून राहण्याची स्पर्धा सुरू झाली. १९९० च्या दशकापासून सीडीवरील संगीत अधिकाधिक मोठे करण्याची जी चढाओढ लागली, ती या अर्थांतराशी निगडित आहे. सोळा बिटांच्या सीडीत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला उपलब्ध असताना कित्येक तबकड्यांनी वरचे थोडेसेच डेसिबल वापरले. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आणि २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने सरासरी जाणवणाऱ्या मात्रेची मापनपद्धती निश्चित केली, तेव्हा एका अर्थी जुन्या संथ काट्याचाच न्याय पुन्हा प्रस्थापित झाला.

‘सोलो’ हे बटणही असेच विचारात घेण्यासारखे आहे. ते दाबले की इतर सर्व ट्रॅक मुके होतात आणि एकच ऐकू येतो. कोणताही श्रोता ज्या स्थितीत गाणे ऐकणार नाही, ती स्थिती निर्णयाचा पाया बनते. ख्यालाच्या मैफलीत तबला, पेटी आणि तंबोरे यांची मात्रा कलावंत एकमेकांकडे लक्ष ठेवून ठरवितात. साथ हा शब्दच संबंधवाचक आहे. सोलोमध्ये साथ ऐकता येत नाही, ऐकता येते ते केवळ एक वाद्य. त्याचप्रमाणे नवी मिडी संचिका वेगळे काही न सांगितल्यास मिनिटाला १२० ठोके आणि चार-चारचा मेळ गृहीत धरते. अतिविलंबित एकतालाचे बारा मात्रांचे आवर्तन तेवढ्याच एका मिनिटाच्या आसपास रेंगाळते. त्यातील मात्रा ही ठोक्यांनी तोडलेली नसते, भरलेली असते. आज्ञावली त्याला मनाई करीत नाही, पण तिचे गृहीतक दुसरे असते. गृहीतक हे मनाईपेक्षा अधिक प्रभावी असते, कारण ते नियम म्हणून समोर येत नाही.

८

अंकीय ट्रॅकवरील मात्रा मूळ ध्वनी बदलत नाही. ती वाजविण्याच्या क्षणी अंमलात येणारी सूचना असते. त्यामुळे आज्ञावलीतील कृती ही ध्वनींचा संग्रह अधिक निर्णयांची यादी अशी असते आणि त्या यादीला शेवट नसतो. ही मुक्तता सिद्धान्ताला आकर्षक वाटते. पण तिची किंमतही आहे. निर्णयांची यादी वाचण्यासाठी ती लिहिणारी आज्ञावली लागते. १९९० मध्ये मिडी आणि ध्वनी एकत्र आणणारी स्टुडिओ व्हिजन ही आज्ञावली काढणाऱ्या ऑपकोड कंपनीची मालकी १९९८ मध्ये बदलली आणि लवकरच विकास थांबला. त्या स्वरूपात जतन केलेली मिश्रणे जुन्या यंत्राविना उघडत नाहीत. शिलालेखाची लिपी विसरायला शतके लागतात; ही लिपी एका दशकात विसरली जाते. संगीताच्या पाठचिकित्सेपुढील हा सर्वांत निकडीचा व्यावहारिक प्रश्न आहे.

सैद्धान्तिक प्रश्न याहून खोल आहे. २०१७ मध्ये ‘सार्जंट पेपर’चे नवे मिश्रण झाले, तेव्हा मिसळण्यापूर्वीच्या फितींकडे परत जाता आले. २०२२ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’चे नवे मिश्रण करताना आणि २०२३ मध्ये ‘नाउ अँड देन’ या गाण्यासाठी लेननचा आवाज घरगुती कॅसेटवरील पियानोपासून वेगळा करताना मात्र यंत्रशिक्षणाने मिश्रणातूनच घटक वेगळे काढले गेले. हे सुटे ट्रॅक पूर्वी कधी अस्तित्वातच नव्हते. मुंबईत एकाच मागावर उतरलेल्या गाण्यांनाही ही पद्धत लावता येते. अशा वेळी हाती येणारा ‘गायकाचा ट्रॅक’ ही गायनाची खूण नसते. असंख्य इतर ध्वनिमुद्रणे ऐकलेल्या यंत्राने त्या मिश्रणाचे केलेले वाचन असते. सभागृहात गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेली व्हायोलिनांची सावली हे यंत्र दोष समजून पुसून टाकते. वास्तविक ती सावली म्हणजे ते सर्वजण एका खोलीत एकत्र होते याचा पुरावा आहे.

येथे मागाचा तिसरा अर्थ उद्भवतो. तो घडलेल्याची खूण नाही आणि विणकामाची जागाही नाही. तो माग काढणाऱ्याने स्वतःच्या तर्काने उमटविलेला माग आहे. समीक्षेला हा अनुभव जुना आहे. संहितेतील सूत्रे वेगळी काढणारे प्रत्येक वाचन, ती सूत्रे तेथे आधीपासून सुटी होती असा आभास निर्माण करीत असते. फरक इतकाच की समीक्षकाचे वाचन संहितेशेजारी उभे राहते आणि त्याच्याशी वाद घालता येतो. यंत्राचे वाचन मूळ संहितेच्या नावाने प्रसृत होते. म्हणून अशा प्रत्येक नव्या मिश्रणाबरोबर जुना एकमार्गी पाठ उपलब्ध ठेवणे आणि कोणते घटक यंत्राने अनुमानिलेले आहेत हे नोंदविणे, ही सौजन्याची बाब नसून संपादनशास्त्राची किमान अट ठरते. कर्ण्यासमोरच्या अंतरापासून पडद्यावरील रेषेपर्यंत ‘किती’ हा प्रश्न प्रत्येक काळाने आपल्या साधनाने सोडविला. ‘स्वतंत्र काय’ हा प्रश्न मात्र पहिल्यांदाच मुद्रणानंतर, मुद्रकाच्या पश्चात सोडविला जात आहे, आणि त्याचे उत्तर देणाऱ्याची नाममुद्रा त्या उत्तरावर नाही.